नऊ नंबर दिवसा चालतो

माहे बेट, बुधवार

प्रिय फ्लोरेतताई,

मारियामातेच्या कृपेने तुझे गुडघे बरे असोत. माझे नाहीत. तुझ्या बेटावर नीरफणस लागला का? भाऊजी ज्यासाठी माझ्याकडे येऊन राहिलेत, ती कवळी छान बसली. आता ते सगळं खातात (आणि सगळं धरून आणतात), त्यावरूनच हे पत्र.

माझ्या लेकीच्या, रोझलीनच्या, रिकाम्या खोलीत गेलं वर्षभर नादेज राहते, हे तुला ठाऊक आहेच. पोर वटवाघळांचा अभ्यास करते : ती कुठे उडतात, कुठल्या बिया कुठे टाकतात, त्यांना आजार कुठले होतात. बारा वटवाघळांना नंबर देऊन त्यांच्या गळ्यात तिने पट्ट्याने डबी बांधली आहे. काठीवरची एरियल फिरवली की टिकटिक होते आणि कुठला नंबर कुठे आहे ते कळतं. (कोण टिकटिकतं, डबी की एरियल, हे तिने तीनदा समजावलं. तीनही वेळा मला समजलं, पण वेगवेगळं.)

रविवारी भाऊजींनी आंब्याला जाळं लावून दोन वटवाघळं धरली आणि सोलूनच माझ्या हातात दिली. मी दालचिनीची पानं घालून रस्सा केला. नादेजने आधी विचारलं, "भाऊजी, कुणाच्या गळ्यात डबी नव्हती ना?" भाऊजी म्हणाले, "बघ की पातेल्यात. आहे का कुठे?" तिने दोनदा वाढून घेतलं.

सोमवारी दुपारी पोर ओरडत आली, "मावशी, नऊ नंबर आपल्या परसात आहे! पण जमिनीवर चालतोय! दिवसा!" मंगळवारी तो खुराड्यात शिरला. तिला वाटतंय, वटवाघळांत मेंदूचा काही नवा रोग आला. शुक्रवारी तसा अहवाल प्राध्यापकांकडे जाणार. पोरीला ना झोप, ना जेवण. एरियल रोखून परसात फिरते आणि कोंबडा आडवा आला की म्हणते, "हट् मेल्या, मध्ये येऊ नकोस!"

आज दाणे टाकताना मला कोंबड्याच्या मानेच्या पिसांत पट्टा दिसला, डबीसकट. भाऊजी म्हणाले, "सारखा शेजारी पळतो. म्हटलं, पट्ट्यावरून आपला ओळखू येईल. चांगलं चामडं आहे."

ताई, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं : खोटं बोलू नये, अन्न टाकू नये, पाहुण्याला रडवू नये. आता तिन्ही एकत्र कसं पाळायचं? खरं सांगितलं तर ती सामान बांधेल. वर्षभर मी सकाळी दोन कप मांडते गं.

तुझी धाकटी,
मारी-आंज

ता. क. सोबत आंब्याची चटणी पाठवते. बरणीशेजारच्या पायमोज्यात कोंबड्याच्या गळ्यातली डबी आहे, ती तुझ्या नीरफणसावर उंच टांग. वटवाघळं बेटावरून बेटावर जातातच. नऊ नंबर तुझ्याकडे येऊन बरा झाला, असं पोरीला वाटेल.

पुन्हा ता. क. टांगू नकोस. पार्सल दारात ठेवलं होतं, तर नादेज एरियल घेऊन त्याच्यासमोर उभी. "मावशी, नऊ नंबर बोटीने निघालाय का?" मी सगळं सांगून टाकलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी दोनदा वाढून घेतला तो...?" मी म्हटलं, पातेलं एकच होतं, कसं सांगू? ती हसली की रडली, मला अजून कळलेलं नाही. मग अहवाल फाडून नवा लिहायला बसली : "नऊ नंबर मृत. रोग नाही. कारण : रस्सा. खाणाऱ्यांत संशोधकही." सामान बांधलं नाही. चहा मागितला.

शेवटचं आणि खरं : शुक्रवारच्या बोटीने ये आणि नवरा घेऊन जा. पोरीची अकरा उरली आहेत, आणि भाऊजी ओसरीवर जाळं सांधत बसलेत.