छातीत पाणी, कुरुंदवाड लांब

सोमवार, १२ जानेवारी
बांगडी मनगटातनं निघंना. पाय सुजलेत. शेजारची शेवंता म्हणती, "आत्ती, अंग भरलंया की तुमचं!" म्हटलं, बाई, तुझी नजर लागली बघ. आडवं झालं की बुडल्यागत होतंय, म्हणून भिंतीला टेकून झोप काढतोय. पुण्यासनं पोराचा फोन. "आये, झोप लागती न्हवं?" लागती म्हटलं. बसून लागती हे कशाला सांगायचं.

बुधवार, १४
संक्रांत. तिळगूळ केला न्हाय. खाणार कोण.
दुपारी कुरुंदवाडनं बाळूचा फोन, अक्काचा ल्योक. "मावशे, आईनं अन्न सोडलंय. यायचं तर बिगीनं ये." माहेरचं म्हणून तेवढी अक्काच उरलीय. तिला ऐकू येत न्हाय, फोनवर बोलून काय करू? गेलंच पायजे. पर दारापतोर गेलं तरी दम लागतोय.

गुरुवार, १५
दवाखाना. फोटो काढला छातीचा. डाक्टरीण पोरसवदा. "आज्जी, फुप्फुसात पाणी झालंय."
"पाणी छातीत, मग सूज पायात कशी?"
म्हणाली, जिथं पाणी भरतं तिथं हवा पोचत न्हाय. मग तिथल्या रक्ताच्या नळ्या आकसून घेतात, रक्त चांगल्या जागंकडं वळवतात.
म्हटलं, पंचगंगेला पूर आला की खालचा रस्ता बंद करून गाड्या वरनं सोडतात, तसं व्हय?
"तसंच. पण सगळीकडंच पाणी चढलं तर सगळ्याच नळ्या आकसतात. हृदयाला ढकलायला जोर पडतो, मागं रक्त तुंबतं. ते तुमच्या पायात उतरलंय."
शानी हाय. मीठ बंद, पाणी मोजून. लघवीची गोळी रोज सकाळी, चुकवायची न्हाय. ॲडमिट व्हा म्हणत होती. उठून आलो.

शनिवार, १७
गोळी काल न्हाय घेतली, आज बी न्हाय. परवा एक घेतली तर सारखं उठावं लागलं. माझ्यासाठनं एस.टी. कोण थांबवणार?
आता निघतोय कुरुंदवाडला. अक्कासाठी लुगडं घेतलंय. नेसंल न नेसंल.

मंगळवार, २०
जयसिंगपूरचा दवाखाना. नाकात नळी. आज हात जरा चालतोय.
हातकणंगल्याच्या पुढं छाती भरून आली. खोकला थांबंना, फेस आला. कंडक्टर वरडला, "आज्जी, ओठ निळं पडलेत की!" म्हटलं, मी जन्माची काळी, तुला निळं कुठनं दिसलं? पुढचं बोलवलं न्हाय. त्यानंच स्टँडवरनं रिक्षात घालून हितं आणलं. तोंड बी नीट बघितलं न्हाय त्याचं.
हितला डाक्टर वसकन अंगावर आला. "गोळी का सोडली?" म्हटलं, तुम्ही बसा लघवी दाबून एस.टी.त, मग विचारा. नर्स तोंड फिरवून हसली.
हितनं कुरुंदवाड हाकंवर. सोडत न्हाईत. बाळूला यायला सांगू कसं, अक्काजवळ दुसरं कोण हाय?

बुधवार, २१
पोरगा आला गाडी घेऊन. आल्या आल्या, "आये, आता सरळ पुणं." म्हटलं, आधी कुरुंदवाड. डाक्टरला विचारतो म्हणाला. पाय जरा उतरलेत. पलीकडच्या खाटंवर माणसंच माणसं, डबं काय, नारळपाणी काय. मी भिंतीकडं तोंड केलं.

गुरुवार, २२
डाक्टर म्हणतोय अजून दोन दिवस. ऑक्सिजन काढला की आकडा खाली येतोय.
अक्काला दोन दिवस हाईत का, हे कोण सांगणार?
सांजच्याला पोरानं बाळूला फोन लावला. बाळूनं तिकडं अक्काच्या तोंडाशी धरला. घरघर ऐकू आली. "अक्के" म्हटलं. पुढं दमच पुरंना. तिला ऐकू येईना, मला बोलवंना. नुसता दोघींचा श्वास चाललेला.
बाळू म्हणाला, "मावशे, ठेवू का?"
म्हटलं, धर अजून जरा.