एकट्याला आवरणारी बोट

अहो,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तुम्ही निवृत्त झालात की दोघांनी शिडाच्या बोटीवर राहायचं, वर्षानुवर्षं समुद्रावर हिंडायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी मी बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकले. मग आपण गोव्याला एक जुनी बोट बघायला गेलो. तुम्ही डोलकाठी, शिडं, इंजिन तपासत होतात. मी खाली दोघांच्या बिछान्यावर आडवी होऊन बघत होते. वरून तुमचा आवाज आला, "ही एकट्या माणसाला आवरेल?"

मालक म्हणाला, "आरामात."

मला वाटलं, माझ्या दुखऱ्या गुडघ्याची काळजी करताय. मी हरखून वर आले आणि म्हटलं, "हीच घेऊया."

डिसेंबरात तुम्ही मला न सांगता तीच बोट घेऊन निघून गेलात. नंतर फोन केलात, "मला आता एकट्यानंच राहायचंय."

काल तुमची बहीण आशा घरी आली होती. चहा पिताना म्हणाली, "वहिनी, ऐन वेळी तू पाण्याला घाबरलीस, म्हणून दादाला एकट्याला जावं लागलं ना?"

असं तिला तुम्हीच सांगितलं असणार. मी "हो" म्हणाले. नवऱ्यानं टाकलेली म्हणवून घेण्यापेक्षा भित्री म्हणवून घेणं मला सोपं वाटलं.

हेमलता
नाशिक