डोळे उघडताना तू परसात असायचीस

आत्या, मद्रासहून येऊन आठवडा झाला तरी माझा राग उतरलेला नाही. तो नक्की कोणावर आहे ते ठरवावं म्हणून लिहायला बसले. आधी वाटलं अप्पांवर आहे, मग वाटलं तिथे भेटलेल्या मुंबईच्या एका बाईंवर. आता लेखणी हातात घेतल्यावर कळतंय की बराचसा तुझ्यावरच आहे. तू गेलीस तेव्हा देशात इंग्रज होते आणि मी परकरी पोर होते. तुझ्यावर रागवायचं माझं वय नव्हतं. आता आहे.

तुझा नवनीत कृष्ण मी मद्रासला पाहिला. तोच, ज्याच्यासाठी तू सबंध उन्हाळा मागच्या सोप्यात पाठ मोडून बसली होतीस, जो तंजावरकडच्या आपल्या गावातल्या धान्यवाल्या म्हाताऱ्याच्या भजनमठात लागला होता. म्हातारा वारला, मुलांनी मठाची जागा विकून टाकली आणि चित्र मुंबईच्या एका चित्रव्यापाऱ्याकडे गेलं. मद्रासला देशोदेशीच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, तिथे त्याने ते मांडायचं ठरवलं आणि अप्पांना कळवलं की चित्रकाराने स्वतः यावं, लोकांपुढे बसून काम दाखवावं. 'चित्रकार' हा शब्द अप्पांनी मला दोनदा वाचायला लावला. मला इंग्रजी येतं म्हणून मला बरोबर घेतलं. शिवाय मी केलेला एक बाळकृष्ण घेतला, डोळे तेवढे सोडून पुरा झालेला. तिथे लोकांसमोर त्याचे डोळे रेखून, उघडून दाखवायचे होते.

तुझी शाळा स्वयंपाकघरात होती. ज्या चुलीवर सकाळी सांबार उकळायचं तिच्यावरच दुपारी चिंचोक्यांची खळ. फणसाच्या फळीवर कापड ताणून तू ती खळ तळहाताने फासते आहेस, मी खडूची भुकटी वाटते आहे, पाट्यावरून हात फिरवून तू म्हणतेस, "खर लागतो गे अजून. आणिक वाट." हाताला भुकटी पिठासारखी लागेपर्यंत माझी सुटका नसे. पाट्यावर उरलेल्या त्या पांढऱ्या भुकटीतच तू बोटाने मला अक्षरं शिकवलीस. घरातल्या सगळ्यांची नावं मी त्या पाट्यावर लिहायला शिकले, अप्पांचं, आईचं, आजोबांचं, गाईचंसुद्धा. तुझं तेवढं कधी लिहिलं नाही. मी मागितलं नाही हे खरं. पण तूही दिलं नाहीस.

एकदा मी कागदावर बाळकृष्ण काढला आणि त्याला डोळेही काढले. तू माझं मनगट असं दाबलंस की बांगडी रुतली. "डोळे आपलें काम नव्हे गे. ते अप्पा काढील."

"तू का नाही काढत?"

"चुलीकडे बघ. खळ लागते आहे."

खळ लागत नव्हती, आत्या. मी बघितलं होतं.

फळी तू तासायचीस, कापड तू लावायचीस, खडूचा लेप देऊन दागिने उठवायचीस, खडे बसवायचीस, सोन्याचा वर्ख श्वास रोखून चिकटवायचीस, रंग भरायचीस. मग मुहूर्त पाहिला जायचा. अप्पा दारासुरमच्या मागावरचं रेशमी सोवळं नेसून बसायचे, आई समई घेऊन उभी राहायची, चित्रापुढे आरसा धरला जायचा, कारण देवाची पहिली नजर माणसावर पडू द्यायची नसते. आणि तू परसात विहिरीपाशी जाऊन बसायचीस. आरसा असूनही. तांबडं लुगडं डोक्यावरून ओढून, भिंतीकडे तोंड करून. नजर चुकून आरशाच्या कडेने गेली आणि विधवेवर पडली तर घेणाऱ्याच्या घराचं वाईट होईल म्हणून. आत अप्पा चार रेघा ओढत. मग मला धाडायचे: "जा, अक्काला सांग, झालं." मी धावत यायची, मला ती मोठी कामगिरी वाटायची. तू आत येऊन आधी कुंचले धुवायला घ्यायचीस. चित्राकडे नंतर बघायचीस, पदराने हात पुसत, कोणी बघत नाही ना ते पाहून. "सुंदर झाले रे डोळे," असं अप्पांना म्हणायचीस. आणि अप्पा खुशीत पान लावायचे.

मद्रासला मैदानात मोठाले मांडव होते, प्रत्येक देशाचा वेगळा. आत लाकडी पडदे लावून खोल्या केलेल्या, एकेक खोली एकेका व्यापाऱ्याची. एका परदेशी खोलीत भलंमोठं पांढरं कापड टांगलं होतं, कोपऱ्यात एक काळा फराटा. अप्पा बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "लेप चांगला बसला आहे. काम केव्हां सुरू करतील?" मी हसले. तेवढंच काय ते त्या दिवशी हसले.

आमच्या खोलीवर मुंबईच्या एक बाई होत्या, त्या व्यापाऱ्याचं सगळं काम त्याच बघत. केस कापलेले, खांद्यावर पिशवी, बोलणं झरझर. मी त्यांना म्हटलं, "आम्हांस बसावयास कोठें सांगितलें आहे?" तर त्या टाळी वाजवून हसल्या. "अगं, किती गोड! बखरीतून उठून आल्यासारखी बोलतेस तू!" मग दोन खोल्यांपलीकडच्या माणसाला बोलावून मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं नाही. मग त्या वरमल्या आणि मला हाताला धरून सगळीकडे फिरवून आणलं. मनाने वाईट नव्हत्या.

त्यांनीच मला ते सगळं कसं चालतं ते समजावलं. पहिला दिवस फक्त बोलावलेल्यांचा. लोकांसाठी दारं दुसऱ्या दिवशी उघडतात, तोवर निम्मी चित्रं गेलेली असतात. त्याच्याही आधी, मांडामांड चालू असताना, व्यापारी एकमेकांच्या खोल्यांत शिरून आपसात घेऊन टाकतात. सकाळी या खोलीत पाहिलेलं एक चित्र दुपारी समोरच्या खोलीत मी पाहिलं, तेच, फक्त वाढलेल्या किमतीचं. किंमत कुठेही लिहिलेली नसते, विचारावी लागते, आणि विचारणारा कोण आहे ते पाहून सांगितली जाते. विकलं गेलं की कार्डाच्या कोपऱ्यात लाल टिकली. बाजारच की हा, मी म्हटलं, आमच्या भाजीबाजारातही असंच. "छे गं," बाई म्हणाल्या, "भाजीला नाव नसतं. इथे चित्र कोण घेतो? इथे नाव घेतात. नाव नसेल तर ती कारागिरी, मागच्या मांडवात, पितळेच्या समयांशेजारी. नाव असलं, माणूस जिवंत असला, घराणं दरबारातलं असलं की ती कला. म्हणून तर तुझ्या अप्पांना बोलावलं." आणि त्यांनी तुझ्या कृष्णाखालचं कार्ड दाखवलं. अप्पांचं नाव, गाव, 'तंजावर दरबाराच्या चित्रकारांचे वंशज'.

आत्या, मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. तुला ठाऊक आहे मी कशी आहे, दाराची कडी लावली का ते दहादा बघणारी. मी स्वतःला समजावलं की घराण्याचं नाव आहे, चालेल, डोळे त्यांचेच आहेत, खोटं असं काही नाही. मग दुपारी अप्पांना लोकांपुढे बसवलं.

शाल पांघरून, पाटावर. समोर माझा बाळकृष्ण, भोवती खुर्च्या. अप्पांनी आरसा मागितला. आरसा कोणी आणला नव्हता. बाईंनी पिशवीतला पावडरीच्या डबीचा इवलासा आरसा काढून दिला. मी तो धरून उभी राहिले तर फोटो काढणारा ओरडला, "बाजूला व्हा, चित्र झाकतंय." मी अप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हो बाजूला."

मी बाजूला झाले. अप्पांनी चार रेघा ओढल्या, दिव्याचा लखकन उजेड झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी समोरच्या खुर्चीत काळ्या झग्यातली एक वयस्क गोरी बाई बसली होती, पाय एकावर एक टाकून, पायात जोडे, बोटांत सिगारेट. देवाची पहिली नजर तिच्यावर पडली. मुंबईच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "फार मोठ्या संग्राहक. नवरा गेल्यापासून सगळं त्याच बघतात. तुमचा मोठा कृष्ण त्यांनी सकाळीच घेतला." मी वळून पाहिलं. लाल टिकली लागलेली होती. आणि अप्पा पाटावरून उठून त्या विधवेला वाकून नमस्कार करत होते.

कोणाचं घर बुडालं नाही, कोणाला ताप आला नाही. मांडवसुद्धा हलला नाही. मग तू कशासाठी बसायचीस त्या विहिरीपाशी? इतकी वर्षं? तुझ्या हाताने केलेल्या देवाने तुला पाहिलं असतं तर काय होणार होतं? आणि तू 'असू दे गे' म्हणत राहिलीस. 'काम झालें ना, मग झालें.' हे तुझं वाक्य मला लहानपणी फार थोर वाटायचं. आता ते आठवलं की पाटा उचलून आपटावासा वाटतो.

मी मुंबईच्या बाईंना म्हटलं, कार्ड चुकलं आहे. हे चित्र माझ्या आत्याने केलं आहे, अप्पांनी फक्त डोळे काढले आहेत. मला वाटलं त्या रागावतील. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "खरं सांगतेस? दरबारी घराण्यातली विधवा बाई? अगं, मग हे आधी नाही का सांगायचं?" खुर्ची ओढून बसल्या, कोरं कार्ड काढलं, पेनाचं टोपण काढलं. "हं. नाव सांग."

आत्या, मला तुझं नाव माहीत नव्हतं.

मला तू आत्या, अप्पांना अक्का, आईला वन्सं. गल्लीला 'मेल्विडातली अम्मा', वरच्या घरातली अम्मा. मी अप्पांकडे वळले. "अप्पा, आत्याचं नाव काय?"

अप्पा शालीची घडी घालत होते. "अक्का," ते म्हणाले.

"अक्का नव्हे. नाव."

"घरच्या बायकांचें नाव असें चारचौघांत सांगावयाचें नव्हे."

बाई पेन धरून थांबल्या होत्या. अप्पा घडी घालत राहिले, झालेली घडी मोडून पुन्हा. मग कोणीतरी किंमत विचारायला आलं, बाईंनी टोपण लावलं आणि उठल्या.

परतताना गाडीने विळुप्पुरम् स्टेशन मागे टाकलं. मग डब्यातल्या तमिळ लोकांना शब्द कळू नयेत पण राग कळावा इतक्या मोठ्याने मी मराठीत म्हटलं, "देव चारचौघांत दाखवावयास चालतो. तिचें चित्र विकावयास चालतें. नाव तेवढें चालत नाही?" अप्पांनी पुरीचं पान माझ्यापुढे सरकवलं. मी खाल्लं नाही. त्यांनीही खाल्लं नाही. खिडकीबाहेर भातशेतं यायला लागली तेव्हा ते बाहेर बघतच म्हणाले, "दोन नावें होतीं. लग्नांत सासरच्यांनी बदललें. तें नाव सहा महिनेच चाललें." मग दोन्ही सांगितली. आधी सासरचं, अडखळत. मग माहेरचं, एकदम, लहान मुलाने हाक मारावी तसं. आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले. मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती का, हे मी आठवडाभर स्वतःला विचारते आहे.

काल बाईंना पत्र टाकलं. त्यांनी पत्ता दिला होता, चित्र अजून बोटीवर चढायचं आहे, कार्ड बदलता येईल. तुझं माहेरचं नाव लिहिलं. सासरचं लिहायला हात धजला नाही, पण तुला त्यातलं कुठलं आपलं वाटायचं हे मला ठाऊक नाही, आणि विचारायला तू नाहीस. हे पत्र मात्र कुठे टाकायचं? ते इथेच राहील.

एक सांगायचं टाळत होते. बाईंच्या पत्रात तुझ्या नावाच्या जोडीला अप्पांचंही नाव लिहिलं आहे. लिहायचं नव्हतं, दोनदा कागद फाडला. पण ती गोरी बाई निघण्यापूर्वी तुझ्या कृष्णासमोर उभी राहिली तेव्हा मी तिच्या शेजारीच होते, आणि ती काय बघत होती ते मला दिसत होतं. तुझा वर्ख नाही, खडे नाहीत, लोण्याचा गोळाही नाही. ती डोळे बघत होती. ते अप्पांचे आहेत आणि ते चांगले आहेत. तू काढले असतेस तर कसे झाले असते हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं.