फ्रिजवरचं व्हेनिस

शुक्रवार, दोहा

आज सासूबाईंना पाहुण्यांसमोर खोटं पाडलं. बोलताना बरंही वाटलं.

यांच्या स्टेडियमच्या छताचं स्टील इटलीत बनत होतं, म्हणून आम्ही चार महिने तिकडे राहिलो. मुलं लहान, म्हणून नाशिकहून आईंनाही नेलं. आज यांच्या साइटवरचं एक जोडपं जेवायला आलं होतं. वर्ल्ड कप वर्षावर आलाय, पुरुषांना दुसरा विषय नाही. तेवढ्यात आई फ्रिजवरचं मॅग्नेट काढून दाखवत व्हेनिसच्या होडीचं सांगू लागल्या. पाणी कसं हिरवं, होडीवाला कसा गात होता.

मी म्हणाले, "आई, तुम्ही कुठे आला होतात? घरीच होतात की."

माझं काय जात होतं? दर सहलीला "तुमचे गुडघे दुखतील" म्हणून त्यांना घरी ठेवायचं आम्हीच ठरवायचो. गुडघ्यांची तक्रार त्यांनी कधी केलीच नव्हती. पण आल्या आल्या गरम जेवण मिळायचं. ते मॅग्नेटही मीच त्यांच्या हातात ठेवलं होतं, "घ्या तुमचं व्हेनिस" म्हणत.

आईंनी ते परत फ्रिजला लावलं, जरा सरळ केलं.

"हो की," त्या म्हणाल्या, "मी पोळ्या करत होते." मग पाहुण्यांकडे वळून विचारलं, "गरम आहे, एक वाढू?"