सुटलेला पाव

३ फेब्रुवारी

सगळे पाव साच्यांना चिकटले. बुड साच्यात, डोकं माझ्या हातात.

मनगट दुखतं म्हणून सासूबाईंनी काल पहिल्यांदाच बेकरी माझ्यावर सोपवली. मी आनंदाच्या भरात काळेकुट्ट साचे घासून आरशासारखे लख्ख केले.

सासूबाई कमरेची किल्ली चाचपत दारात उभ्या. "सूनबाईंनी साच्यांना आंघोळ घातली वाटतं." मग यांना – "गॅरेजवाला बेकरीची जागा मागतोय. देऊन टाकू."

आईसमोर यांची जीभ टाळूला चिकटते.

४ फेब्रुवारी

आज भरपूर तेल ओतलं. पाव तळल्यासारखा झाला, तरी सुरीनंच काढावा लागला.

सासूबाईंकडे दोनच जाती – काढलेला पाव आणि सुटलेला पाव. काढलेला त्या विकत नाहीत. तो घरी खायचा. खातोय.

६ फेब्रुवारी

दुपारी त्या स्वतःच भट्टीपाशी आल्या. रिकाम्या साच्यात तेलाचं बोट फिरवलं, फडकं माझ्या हातात दिलं.

"पूस." पुसलं. "अजून. सगळं गेलं असं वाटेपर्यंत."

मग साचा रिकामाच भट्टीत. गार झाला की पुन्हा बोट, पुन्हा फडकं. संध्याकाळी पत्रा मधाच्या रंगाचा झाला, मग तपकिरी.

म्हणजे तो काळा रंग मळ नव्हता. इतक्या वर्षांत फडक्याला न सापडलेलं तेल होतं ते. मी ते एका सकाळीत घासून काढलं.

९ फेब्रुवारी

एकच चिकटला. मी हिसका दिला, फाटला.

सासूबाई मागून – "ओढतेस कशाला? त्याला जरा दम खाऊ दे. वाफ जिरली की आपणच अंग चोरतो."

१० फेब्रुवारी

थांबले. साच्याच्या कडेला बारीक आवाज झाला. पावानं अंग चोरलं – केसाएवढी फट. साचा उलटा केला. पाव हातात आला, अख्खा, कोणी आपणहून हात द्यावा तसा. साच्यात कणही नाही. मी तशीच उभी.

सासूबाईंनी बुड पाहिलं. यांनी कुणाला न विचारता पाव दुकानाच्या फळीवर मांडले.

११ फेब्रुवारी

गॅरेजवाला येऊन गेला. सासूबाईंनी चहा दिला, माझा पाव दिला. जागेचं काय ठरलं, विचारायचं धाडस झालं नाही.

१३ फेब्रुवारी

सासूबाई लेकीकडे राहायला निघाल्या. गाडी दारात. "परत कधी, आई?" यांनी विचारलं. त्यांनी माझ्या ओंजळीवर मूठ धरली, साचा उलटा करावा तशी उलटी केली. बेकरीची किल्ली पडली.

"सुटली," म्हणाल्या.