देवगिरीचा वेढा, आठवा क्रॉस

आठवा क्रॉस रस्ता, मल्लेश्वरम, बंगळूर
१७ मार्च १९५९

प्रिय रत्नाकर,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी आणि सोबत मुलींच्या बोर्डिंगचा छापील फॉर्म. 'सध्याचे पालक' या रकान्यात सही करून उलट टपाली पाठव म्हणतोस. पाठवीन की नाही ते पुढे सांगते. आधी तुझ्या लेकीनं माझ्या घराची काय दशा केली आहे ती ऐक, आणि नेहमीसारखं अर्ध्यावर घडी घालून खिशात टाकू नकोस.

अलका गेली आणि आईविना प्रेमाला तू माझ्याकडे पोचवलंस, त्याला चौदा महिने झाले. इथल्या शाळेत घातली, तर कन्नड येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसवली. तीन आठवडे गेली, आणि एका सकाळी दप्तर खाली ठेवून म्हणाली, "आत्या, नुसतं बसायला तिथं कशाला जाऊ?" तेव्हापासून मीच तिची शाळा. मॅट्रिकला इतिहासात काठावर सुटलेली मी! गणित, मराठी कसंबसं उरकतं. पण तू धाडलेलं ते यादव-बहामनींचं पुस्तक उघडलं की ही जांभया द्यायला लागते. शेवटी माझीच बुद्धी फिरली. म्हटलं, वाचू नकोस, करून बघ.

तो दिवस आणि आजचा दिवस, मला घरात सुखानं पाऊल टाकता आलेलं नाही. पहिल्यांदा विजयनगरचा बाजार मांडला. मोती म्हणून साबुदाणा. आठवडाभर पायाखाली कुरकुरत होता. मग परसात देवगिरीचा किल्ला. तांबडी माती कालवून चांगला कमरेएवढा उंच केला, आणि खंदक खणला तो नेमका घरमालक भीमाचार्यांच्या शेवंतीच्या वाफ्यातून. आचार्य काठी टेकत आले, खंदकाकडे बघितलं, आणि काठी टेकतच परत आत गेले. त्यांच्या भाग्यलक्ष्मीअम्मा मात्र बादली घेऊन हजर. "सरी, बरोबर आहे अक्का, स्वल्प, थोडं पाणी तर पाहिजेच की." तुझ्या भाऊजींना म्हटलं, तुम्ही तरी रागवा. ते कारखान्यातून आले, चहासुद्धा न घेता खंदकावरचा पूल म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापत बसले. या घरात रागावायचं काम एकट्या माझ्याकडे आहे.

आणि परवाचा रविवार. ह्यांचे साहेब बसवंत आणि त्यांची बायको पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. देवगिरीला वेढा पडला तेव्हा धान्याची म्हणून किल्ल्यात नेलेली पोती मिठाची निघाली, अशी गोष्ट सांगतात ना, ती मी आदल्याच दिवशी प्रेमाला सांगितली होती. अकरा वाजता भात टाकायला डबा उघडते, तर तांदळाच्या जागी काठोकाठ खडेमीठ! वर्षाच्या मिठाची बरणी रिकामी केली होती कार्टीनं. मागे उभी राहून म्हणते कशी, "आता कळलं आत्या, त्यांना कसं वाटलं असेल?"

रत्नाकर, मी तिला मारलं. या चौदा महिन्यांत पहिल्यांदा. ती रडली नाही. हाताला धरून मला खोलीत घेऊन गेली आणि पलंगाखाली बोट दाखवलं. उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून ठेवले होते. ते ओढताना आणखी एक गाठोडं हाताला लागलं. उघडलं. दोन फ्रॉक, कंगवा, अलकाची खणाची चोळी आणि तुझी सगळी पत्रं. मी विचारलं, "हे कशाला बांधलंस?" तर म्हणाली, "बाबा आले की उशीर व्हायला नको. त्यांची गाडी चुकली तर?"

फ्रॉक मापाला लावून बघितले. दोन्ही आता तिला होत नाहीत.

अभ्र्यातले तांदूळ निवडायला वेळ नव्हता; पाहुणे आले, शेजारच्या उसन्या तांदळाचा भात जेवून गेले. साहेबांना किल्ला फार आवडला. मी काय वाढलं, काय बोलले, काही आठवत नाही.

आता तुझ्या फॉर्मचं. मी सही करणार नाही. मुलीला एका परक्या घरातून उचलून दुसऱ्या परक्या ठिकाणी टाकायचं, आणि तेही टपालानं? पण तुला बोल लावायचा मला फारसा अधिकार नाही, आणि हे लिहायला दोन दिवस लागले ते त्यासाठीच. मागच्या दिवाळीत तू येऊ का म्हणून विचारलं होतंस. मी कळवलं, प्रवासाची दगदग करू नकोस, पोर आता कुठे रमली आहे, तुला बघून पुन्हा बिथरेल. ते खोटं होतं. ती रोज तुझी वाट बघत होती. मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. आमच्या घरात मूल नाही हे तुला ठाऊक आहे. ते आल्यावर घर कसं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. बाबांना येऊ नका असं मीच लिहिलं, हे काल मी प्रेमाला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. समोर बसून जेवते, पाटी घेऊन परसात जाते. तिनं बोलावं म्हणून मी काही करणार नाही, तो हक्क तिचा. तू मात्र रजा काढ आणि ये. तिला न्यायचं की ठेवायचं ते तिच्यासमोर बसून तिलाच विचार. ती काय म्हणेल याची मला भीती वाटते. तरी ये.

तुझीच,
प्रतिमाअक्का