दोनदा केलेली खुर्ची

सिस्टर, आधी मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मला बरं पडेल. सागवानाची एक वेदी, लांबी साडेपाच फूट, उंची तीन फूट एक इंच, एकही खिळा न मारता, नुसत्या खाचा एकमेकींत बसवून. चर्चमधले बावीस बाक. क्रूसाच्या वाटेच्या चौदा चित्रांच्या चौकटी. छप्पन्न कोपरे, कुठलाही गुण्या लावून बघा, काटकोनच निघेल. तुमच्या दवाखान्यातलं औषधांचं कपाट, ज्याची दारं अजून एका बोटाने लागतात. मागच्या महिन्यात मुद्दाम जाऊन बघून आलो. कपडे ठेवायची एक पेटी, निंबाच्या लाकडाची. आणि संडासाची एक खुर्ची, मधे भोक असलेली, दोनदा केलेली. यातलं काहीच मला कुणी शिकवलेलं नाही. आठवीत शाळा सुटली. वडिलांच्या वांग्या-मिरच्यांना पाणी देता देता शेजाऱ्याने बांधावर फेकलेलं एक कपाट मी उकललं, जोडलं, परत उकललं, परत जोडलं. हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. तुम्ही जखमांच्या पट्ट्या गुंडाळता गुंडाळता म्हणायचात, "हो रे बाप्पा. तूच शिकला, तूच मास्तर. मंग माह्याकडं काऊन आला?"

तर सिस्टर, बातमी अशी की काल मी अखेरची व्रतं घेतली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, तिन्ही, आता मरेपर्यंत. फादर नाही झालो, ब्रदर झालो. मिस्सेची उपासना मी चालवत नाही, पण ज्या वेदीवर ती होते ती मी केलेली आहे, आणि काल तिच्यावरच कागद ठेवून सही केली. वय वर्षं शेहेचाळीस. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ही गोष्ट सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही, कारण हे होणार की नाही हे आधी फक्त तुम्हाला माहीत होतं. मलाही नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची सकाळ आठवते. मिस्सा आटोपली की मी सायकलने चौदा किलोमीटर तुमच्या दवाखान्यावर यायचो. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, चुलीवर तुमच्या केरळची ती पातळ पेज, आणि टेबलावर धुऊन वाळवलेल्या पट्ट्यांचा ढीग. तुम्ही मला त्या पट्ट्यांचं एक टोक धरायला द्यायचात आणि दुसरीकडून गुंडाळत यायचात. मराठी तुम्ही पेशंटकडून शिकलेलात, त्यामुळे तुमच्या तोंडी आमची अस्सल वऱ्हाडी आणि वरून मल्याळी हेल. 'बे' हा आदराचा शब्द आहे असा तुमचा कित्येक वर्षं समज होता. बिशपसाहेब दवाखाना बघायला आले तेव्हा तुम्ही खुर्ची पुढे करून "बसा ना बे" म्हणालात, आणि ते बसले. अशा बाईकडे मी माझ्या आत्म्याचं काय करायचं ते विचारायला येत होतो. आमच्या गावच्या फादरांनीच पाठवलं होतं. ते म्हणाले होते, मला माणसं ऐकायला वेळ नाही, सिस्टरना ऐकल्याशिवाय करमत नाही, तिकडे जा.

तुम्ही एकच काम सांगितलं होतं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसायचं आणि बघायचं, आज मन कुठे ओलं झालं आणि कुठे कोरडं पडलं. तेवढंच वहीत लिहायचं. महिन्याने मी वही आणली. सकाळची प्रार्थना पंचवीस मिनिटं, लक्ष सात वेळा भटकलं. रोझरीची माळ एक, पूर्ण. राग दोनदा, पैकी एकदा योग्य कारणाने. तारखेनिशी, रकान्यांनिशी, पट्टी लावून आखलेलं. तुम्ही चष्मा लावून तीन पानं वाचलीत, वही मिटलीत आणि पेज ढवळायला उठलात. "मिस्त्री, हे मापं कोणाले दाखवतं? देवाले? त्याले फर्निचर कराचं नाही." मी म्हणालो, मोजल्याशिवाय मला काही समजत नाही. तुम्ही म्हणालात, "हाव, ते दिसून राह्यलं."

निघताना तुमचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. सगळं बोलून झालं, चप्पल पायात घातली, सायकलला हात लावला, की तुम्ही दारातून विचारायचात, "मागं काय ठेवलं?" आणि दरवेळी काहीतरी ठेवलेलं असायचंच. खरं ते तिथे, सायकलचं हँडल धरून, बाहेर यायचं.

तेहेतिसाव्या वर्षी मी ती निंबाची पेटी केली. आमच्या वस्तीतला एक मुलगा फादर होऊन पहिली मिस्सा करायला गावात आला होता. वेशीपासून चर्चपर्यंत बँड, फुलं, बाया ओवाळतायत, म्हातारे त्याच्या हाताचं चुंबन घेतायत. त्याच आठवड्यात मी पेटीला कडी-कोयंडा लावला, दोन शर्ट, दोन पँटी, करवत, रंधा, तीन पटाश्या भरल्या आणि तुमच्याकडे आलो. म्हणालो, मला हाक आली आहे, मठाला चिठ्ठी लिहून द्या. तुम्ही विचारलंत, कधी आली. मी दिवस सांगितला. तुम्ही बोटांवर काहीतरी मोजलंत आणि अगदी सहज, पट्टीवरून नजर न काढता म्हणालात, "तुले येशूनं बोलावलं, का बँडवाल्यानं?"

सिस्टर, मला तेव्हा कुणी कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी पट्टीचं टोक सोडून दिलं. ती सगळी शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडली आणि तुम्हाला परत धुवावी लागली असणार. चौदा किलोमीटर मी तुमच्याशी मनात भांडत गेलो आणि मग आठ महिने आलो नाही. त्या आठ महिन्यांत धामणगाव बढ्यापर्यंतची दारं-खिडक्यांची कामं केली. पेटी खाटेखाली होती. दिवसा काम, संध्याकाळी वही बंद. कोरडं कुठे पडलं हे लिहायची गरज नव्हती, सगळंच पडलं होतं.

मग तुमचा निरोप आला. हाक म्हणून नव्हे, काम म्हणून. मागच्या खोलीत एक म्हातारा आणून ठेवलाय, डावी बाजू गेलीय, त्याला संडासाची खुर्ची पाहिजे. मी वेदी करणारा माणूस, आणि मला हे. पण नाही म्हटलं असतं तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं, म्हणून हो म्हटलं. खोलीच्या दारातून म्हाताऱ्याकडे एकदा बघितलं, वास आला, आणि घरी येऊन खुर्ची केली. बैठक अठरा इंच उंच, कारण खुर्ची अठरा इंचच असते. कडा घासून गुळगुळीत, भोक अचूक गोल, वर दोन हात पॉलिश. संडासाच्या खुर्चीला पॉलिश, सिस्टर. तुम्ही दोघी-तिघींनी म्हाताऱ्याला उचलून तिच्यावर बसवलंत आणि तो पुढे झुकून थेट माझ्या छातीवर आला. त्याचे पाय आखडलेले होते, जमिनीला टेकतच नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात मिरच्या तोडलेला माणूस, जीभ मात्र धडधाकट. माझ्या शर्टात तोंड खुपसून म्हणाला, "काऊन बे मिस्त्री, हे खुर्ची हाय का झाड? चढाले शिडी दे."

तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "मोजलं होतं का त्याले?" ज्याच्याकडे रागाची आणि रोझरीचीही मापं असायची त्याने माणूस मोजला नव्हता, कारण मोजायचं तर हात लावावा लागला असता. तुम्हाला ते कळलं. मी खिशातून माझी टेप काढली तर तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि टेबलाच्या खणातून कुपोषित पोरांचे दंड मोजायची कापडी टेप दिलीत. "लोखंड गार लागते माणसाले. हे घे. तुह्याजवळच ठेव." मी गुडघे टेकून बसलो. टाच ते गुडघ्याची वाटी, साडेचौदा इंच. गुडघा ते कंबर. उजवा हात कुठवर पोहोचतो. म्हातारा वरून सूचना देत होता, "नीट घे बे, पहिले वाण्यासारखं उरकवलं तू." ती दुसरी खुर्ची मी तिथेच अंगणात केली, त्याला खाटेवर बसवून, दर फळी त्याला लावून बघत. उजव्या हाताला धरायला दांडा दिला. पॉलिश केलं नाही, फक्त एरंडेल चोळलं.

बसवायला-उठवायला माणूस लागायचा, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेलो. मग तिसऱ्या. पुढे कामंच त्या बाजूची घ्यायला लागलो. म्हातारा मला शिव्या द्यायचा, मी त्याला धुवायचो, तो पावसाचा अंदाज सांगायचा आणि बहुतेक चुकायचा. दीड वर्ष. तो गेला त्या संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात पट्टीचं टोक धरून बसलो होतो आणि तुम्ही विचारलंत, वहीत काय लिहिलं या दिवसांत. मी म्हणालो, वही कुठे आहे तेच माहीत नाही, शोधायला लागेल. तुम्ही थांबलात. पेज उतू जात होती तरी उठला नाहीत. म्हणालात, "आता पेटी काढ."

वयाची अट उलटून गेली होती. मठाला तुम्ही जे पत्र लिहिलंत त्यात वेदीबद्दल अक्षर नव्हतं, बाकांबद्दल नव्हतं. ते मला नंतर वाचायला मिळालं. चार ओळी. याने एक खुर्ची चुकवली आणि मग दुरुस्त केली, याला घ्या. घेतलं. मठातल्या उमेदवारीच्या, नोव्हिशिएटच्या वर्षात तुम्ही गेलात. त्या वर्षी बाहेर जाता येत नाही, म्हणून मातीला आलो नाही. तुमची शवपेटी कुठल्या मिस्त्रीने केली मला माहीत नाही, आणि ती कशी झाली असेल या विचाराने मला आजही चैन पडत नाही.

आणि काल, सिस्टर, बँड आला. मी बोलावला नव्हता. सही करून चर्चबाहेर पाऊल टाकतो तर समोर धामणगाव बढ्याचा बँड, लाल कोट, आणि मधे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, फेटा बांधून. म्हणालो, बाबा, हे काय. ते म्हणाले, "तुह्या लग्नात वाजवाले भेटलं नाही. आज वाजवतो. तू उभा राय फक्त." मी उभा राहिलो. खिशात कापडी टेप होती, हाताला लागत होती. क्लॅरिनेटवाला एका ठिकाणी चुकला, पण बाकी चांगलं वाजवलं. मी सगळं ऐकलं, शेवटपर्यंत, आणि मला त्यातलं काहीच नको होतं म्हणून ते फार गोड लागलं. तुम्ही असतात तर तुमच्या तोंडावर म्हणालो असतो: बघा, हाक आधी आली, बँड नंतर. जिंकलो मी.

हे पत्र टपालात पडायचं नाही. घडी करून त्या औषधांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवीन. पण घडी घालायला घेतली आणि तुम्ही दारात येऊन उभ्या राहिल्यासारखं वाटलं, म्हणून मागं ठेवलेलं तेवढं सांगतो. आठ दिवसांपूर्वी खामगावचा एक फर्निचर शोरूमवाला वेदी बघायला आला होता. खाली वाकून जोड बघितले, हात फिरवला, आणि म्हणाला, ब्रदर, अजून सही झाली नाही ना, माझ्याकडे या. वर्कशॉप तुमच्या हाताखाली, राहायला वरचा मजला, आणि महिन्याला पंच्याऐंशी हजार. मी नाही म्हणालो. मनापासून म्हणालो, ओढ वाटली नाही. पण शेजारच्या खोलीत दोन ब्रदर बसले होते, आणि नाही म्हणायच्या आधी, आकडा स्वच्छ ऐकला असूनही, मी कानामागे हात धरून त्याला म्हणालो, नीट ऐकू आलं नाही, किती म्हणालात. त्याने मोठ्याने सांगितलं, पंच्याऐंशी हजार.